इंदू उभी राहायची

आमच्या चर्चच्या अंकाचा माणूस घरी आला आणि म्हणाला, ‘‘काका, यंदाच्या नाताळ अंकाला तुमची साक्ष लिहून द्या. नेहमीची ती.’’ मी म्हणालो, नेहमीची देणार नाही. दुसरी देतो, चालली तर छापा. तो म्हणाला, ‘‘जरा आनंदाची असू द्या, नाताळ आहे.’’ नाताळ मलाही कळतो, असं मी त्याला सांगितलं. चहा पिऊन तो गेला.

नेहमीची न देण्याचं कारण सरळ आहे. ती साक्ष दोघांची होती. बोलायचो मी आणि उभी राहायची माझी बायको इंदू. इंदू या श्रावणात वारली. कशानं वारली आणि ते मला का कळलं नाही, हे मी लिहिणार आहे. बऱ्याच लोकांना ते नको आहे. म्हणून तर लिहितो.

हा अंक मंडळीबाहेरचे लोकही घेतात, त्यांच्यासाठी आधी साक्ष म्हणजे काय ते सांगतो. कोर्टात माणूस दुसऱ्याचं बघितलेलं सांगतो. आमच्यात माणूस स्वतःवर आलेलं सांगतो. आधी मी कसा होतो, मग काय झालं, आता कसा आहे. एवढंच. उपदेश हे पाळकांचं काम, त्याला शिक्षण लागतं. मी चौथीत शाळा सोडली. लिहिता-वाचता आलं ते पवित्र शास्त्र बोटानं रेघ धरून वाचून वाचून. पण साक्ष द्यायला मला कर्जत-खालापुरातल्या वाड्यावस्त्यांवर शिकलेल्या माणसांच्या आधी बोलावायचे. गर्व नको म्हणतात. मला आहे थोडा.

साक्षीचे काही नियम असतात, ते कुणी लिहून दिलेले नाहीत. दुसऱ्याच्या देवाला नाव ठेवायचं नाही. ज्याच्या ओटीवर बसलोय त्याच्या घरातलं दारूचं, भांडणाचं आपल्या बोलण्यात आणायचं नाही. ऐकणारा जांभई द्यायला लागला की प्रभूचं नाव घेऊन थांबायचं. आणि घडलं त्यापेक्षा वाढवून सांगायचं नाही. हा शेवटचा नियम मला इंदूनं शिकवला.

माझी साक्ष अशी होती. आम्ही बौद्ध घरातले. मी रसायनीला एका केमिकल कंपनीत पिंपं भरायच्या कामाला, मोहोपाड्यात खोली. लग्नाला थोडी वर्षं झाली आणि इंदूला टीबी झाला. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या एवढी वाळली. माझी आई म्हणाली, माहेरी नेऊन घाल. मी नेली नाही. सरकारी दवाखान्यात टाकली. तिथं एक म्हातारी नर्स होती, ख्रिस्ती. ड्युटी संपली की घरी जायच्या आधी ती इंदूच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मी बाजूला बसून बघायचो. एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता आशा धरू नका. तेव्हा मी त्या नर्सच्या येशूला मनात म्हणालो, ही वाचली तर मी तुझा. ती वाचली. शब्द दिला तो दिला. थोरला भाऊ म्हणाला, ‘‘बाबासाहेबांनी घरातले एवढे देव बाहेर काढले, आनि तू परत एक घेऊन आलास व्हय रं?’’ मी म्हणालो, ‘‘एकच आणलाय ना.’’ तो वर्षभर बोलला नाही. नंतर बोलायला लागला.

हे सगळं सांगून झालं की मी जरा थांबायचो. मग म्हणायचो, ‘‘ती बाई काय राहिली नसंल, असं तुमाला वाटत आसंल. इंदू, उभी राहा.’’

बायांत मागं बसलेली इंदू उठायची. पदर सारखा करायची. कुणाशी बोलायची नाही, फक्त सगळ्यांकडं एकदा बघायची. अंगानं चांगली भरलेली, रंग सावळा, पाठ ताठ. लोक वळून बघायचे. माझ्या तासाभराच्या बोलण्यानं व्हायचं नाही ते तिच्या उठण्यानं व्हायचं. बाया पुढं येऊन तिच्या हाताला हात लावून बघायच्या.

सुरुवातीला मी गोळ्यांचं सांगायचो नाही. टीबीच्या गोळ्या तिनं पूर्ण घेतल्या होत्या, पण सांगताना ते मधे अडकल्यासारखं व्हायचं. खालापूरकडच्या एका सभेतून परत चालत येताना ती म्हणाली, ‘‘गोळ्या का खाल्ल्या तुमी?’’

‘‘म्हंजे?’’

‘‘माझ्या गोळ्या. साक्षीत खाऊन टाकल्यात. उद्या एखादी बाय गोळ्या फेकून देईल आनि नुसती हात जोडून बसंल. तिचं कोन बघनार?’’

मी म्हणालो, बरं करणारा प्रभू, गोळीचं काय मोठं. ती म्हणाली, गोळी पण त्यानंच दिली ना, मग लपवता कशाला? मी ऐकलं नाही. पुढच्या सभेत मी म्हणालो, ‘‘इंदू, उभी राहा’’, तर बाई उठली आणि मोठ्यानं बोलली, ‘‘आनि गोळ्या पुऱ्या घेतल्या. एक नाय चुकवली.’’ सगळे हसले. त्या दिवसापासून साक्षीत गोळ्या आल्या.

हे काम लोकांना वाटतं तेवढं गंभीर नसतं. एकदा माथेरानला हातरिक्षावाल्यांत गेलो होतो. त्यातला एक म्हणाला, ‘‘थांबायला टाइम नाय, शेट बसलाय रिक्षात. चढावर ऐकतो, तुमीपन हात लावा.’’ मी मागून रिक्षा ढकलत साक्ष द्यायला लागलो. अर्ध्या चढावर मला बोलवेना. तो मागं वळून म्हणाला, ‘‘काय ओ, तुमचा देव बरं करतो म्हनता, दम नाय देत का?’’ आत बसलेला शेटही हसला. इंदू तर रस्त्याच्या कडेला बसूनच राहिली, पोट धरून.

कर्जतच्या एका वस्तीत एका म्हाताऱ्यानं सगळी साक्ष डोळे न मिटता ऐकली. माझ्या मनात आलं, याला लागलं. शेवटी त्यानं विचारलं, ‘‘मंग त्या कंपनीत भरती हाय का? नातू रिकामा हाय.’’

एका गावात पोरांनी वाट अडवली. ‘‘पैसे वाटून बाटवता काय लोकांना?’’ म्हणाली. मी तापलो. इंदूनं मला मागं सारलं आणि त्यांना म्हणाली, ‘‘आरं दादांनो, ह्यांच्या चपलेकडं बघा. ह्यो मानूस पैसे वाटंल?’’ माझ्या चपलेला दोन ठिकाणी तार होती. पोरं हसली, पण सभा होऊ दिली नाही. आम्ही परत आलो. त्या गावात परत गेलो नाही. तो त्यांचा हक्क आहे, असं इंदू म्हणाली. मला अजून तसं वाटत नाही.

आणि खोपोलीतल्या एका चाळीत एक रिटायर झालेले मास्तर भेटले, बौद्ध, आमच्याच नात्यातले निघाले. साक्ष ऐकून म्हणाले, ‘‘आता माझी ऐका. मी पण दारूत बुडालो होतो. दीक्षेला बसलो, पंचशील घेतलं, तेव्हापासून थेंब नाही. मला कुणी बरं केलं? मीच केलं.’’ त्यांची साक्ष खरी होती, ऐकतानाच कळत होतं. वाटेत इंदूला म्हणालो, ‘‘मास्तर बरं बोलतात.’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्यापेक्षा कमी बोलतात.’’

अशी वर्षं गेली. मी कंपनीतून सुटलो, आम्ही खोपोलीला आलो आणि आठवड्यातले बरेच दिवस फिरू लागलो. मूलबाळ नव्हतं. साक्ष हाच आमचा संसार होता म्हटलं तरी चालेल. मंडळीत जाणारी तरुण मुलं हल्ली मोबाइलवर साक्ष घेतात, म्हणतात, काका, तीन मिनिटांत बसवा. मी तीन मिनिटांत बसत नाही. पण इंदूचं उभं राहणं त्यांनी मोबाइलवर घेतलंय, ते माझ्याकडं आहे. अजून बघितलेलं नाही.

दोन वर्षांपासून तिच्या तोंडात सारखं ज्येष्ठमध असायचं. मी विचारलं तर म्हणाली, गाणी म्हणायची असतात, घसा बसतो. मोरीत गेली की नळ सोडून ठेवायची. पाणी वाया जातं म्हणून मी ओरडायचो. कर्जतकडं डोंगराखाली ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, त्यांना उगाच त्रास नको. तिथं ती दर बुधवारी एकटी जायला लागली. बायांची प्रार्थना असते, तुमचं काय काम, म्हणाली. मला अभिमान वाटला. मंडळीत सांगितलं, ह्या वयात बाई एकटी चढण चढून जाते. संध्याकाळी परत यायची ती दमलेली, पण मोकळी दिसायची. त्या रात्री तिला झोप लागायची.

गेल्या नाताळात आमच्या खूप सभा झाल्या. सगळीकडं ती उठली. उठताना आता पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि बघताना तोंड घट्ट मिटलेलं असायचं. मला ते रुबाबदार वाटलं.

ईस्टर झाल्यावर ती घरात पाण्याचा हंडा उचलताना पडली. दवाखान्यात छातीचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो उजेडात धरून मला म्हणाल्या, ‘‘आजोबा, फुप्फुसात गाठ आहे, आणि पसरली आहे. बऱ्याच दिवसांची आहे ही. खोकला कधीपासून होता?’’

‘‘खोकला नव्हता.’’

‘‘असणारच.’’

‘‘बाई, मी नवरा हाय तिचा. एका खोलीत ऱ्हातो. नव्हता.’’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग खाटेवर इंदूकडं. इंदूनं डोळे मिटून घेतले होते. बाई हळू म्हणाल्या, आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं.

माझी मान खाली गेली. वॉर्डात तिच्याजवळ बसलो. ‘‘का गं? मला नाय सांगायचं?’’

‘‘तुमी इचारलं कुठं?’’

‘‘इचारलं नाय म्हनून मरायचं?’’

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, ‘‘टीबीतून उठलेली बाय परत खोकायला लागली तर लोकं…’’ आणि पुढं बोलायचं सोडून दिलं. मी समजलो. मला वाटलं, मी समजलो. मी जिला हजार लोकांपुढं उभी केली, तिला आता त्या लोकांपुढं आजारी पडायला जागा राहिली नव्हती. वाड्यांवरच्या बाया डगमगतील म्हणून तिनं तोंड दाबून धरलं, असं मी धरून चाललो. मला राग आला. तिचा नाही, त्या लोकांचा.

शेवटी खोकायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं तिच्यात. नळी लावलेली, नुसता श्वास वर-खाली. मी गोळ्यांची वेळ चुकू दिली नाही. प्रार्थना केली. पहिल्या वेळी केली होती तशीच, जास्तच. यावेळी ती उठली नाही. श्रावणात एका सकाळी गेली. भाऊ आला होता. मातीला त्यानं खांदा दिला आणि आमचं गाणं येत नसतानाही ओठ हलवले.

पाळकसाहेब चांगले आहेत, तरुण आहेत. मातीच्या वेळी म्हणाले, बहीण विजयानं प्रभूकडं गेली. नंतर घरी आले आणि मला म्हणाले, ‘‘काका, थोडे दिवस साक्ष नको. आणि वाड्यांवर एवढंच सांगू, की वयानं गेल्या. नवीन लोक आहेत, त्यांचा विश्वास कोवळा आहे.’’

मी म्हणालो, ‘‘साहेब, ती बरी झाली ते मी सांगितलं. ती गेली ते बी मीच सांगनार.’’

‘‘काका, हट्ट करू नका.’’

‘‘हट्टाचं नाय. अर्धं सांगितलं तर ते खोटं. इंदूनं मला गोळ्यांवरनं शिकवलंय.’’

पाळकसाहेब चपला घालून निघाले. मला वाटतं, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली असेल. चांगलं आहे.

पाऊस उघडला, दिवाळी झाली, मी एकटा त्या ठाकरवाडीवर गेलो. सगळ्यात आधी तिथंच जायचं ठरवलं होतं, कारण तिथं तिचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर राग पण तिथल्याच लोकांवर जास्त होता. टेंपोतून उतरून चढण चढलो. वाटेत दोनदा बसलो. मनात बोलायचं जुळवत होतो. लोकहो, बरं करणं देवाच्या हातात, मरण पण त्याच्याच हातात. असं काहीतरी. जुळत नव्हतं.

वाडीच्या तोंडाशी खळ्यावर बाया नाचणी झोडत होत्या. त्यांच्यात सोमी होती. ही सोमी म्हणजे वाडीवर पहिल्यांदा इंदूच्या हाताला हात लावून बघणारी बाई, वय पन्नाशीचं, जीभ तिखट. वाडीवर सगळ्यांना तू म्हणतात, मलाही आणि देवालाही.

‘‘आलास मामा,’’ सोमी म्हणाली. ‘‘बस. पानी पी आदी.’’

पाणी प्यालो. बायांनी काठ्या बाजूला ठेवल्या आणि भोवती बसल्या. मी उभा राहिलो. साक्षीला मी उभाच राहतो. म्हणालो, ‘‘बायांनो, तुमची मावशी गेली. ती म्हातारपनानं नाय गेली. तिला रोग झाला व्हता. छातीचाच. ती बरी झालती आनि परत…’’

‘‘म्हाईत हाय,’’ सोमी म्हणाली.

‘‘कुनी सांगितलं?’’

‘‘तिनंच. दोन वर्सं झाली.’’

मला कळेना. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. सोमी म्हणाली, ‘‘मामा, बस खाली. पडशील.’’ मी बसलो.

‘‘बुदवारी मावशी कशाला येत व्हती, म्हाईत हाय तुला?’’

‘‘प्रार्थनेला.’’

‘‘ती बी करायची. पन आदी खोकायची. आली का माज्या घरात जायची, भिताडाला टेकायची, आनि आठवड्याचा खोकून घ्यायची. मी पाठ चोळायची. ही भामी पानी गरम करायची. खोकून खोकून डोळ्यांतनं पानी यायचं, आनि मंग हसायची. बोलायची, सुटले गं बायांनो, आता आठ दिवस चालंल.’’

मी म्हणालो, ‘‘तुमच्यासाठी लपवत व्हती ती. तुमी डगमगाल म्हनून. आनि तुमालाच सांगितलं?’’

सोमीला राग आला. ‘‘आमी का डगमगू? आमची पोरं मरतात, मानसं मरतात, गुरं मरतात. मरनाला आमी घाबरून देव धरलाय व्हय? मावशी आमच्यात येऊन बसती, आमच्या ताटात जेवती, म्हनून आमी तिचा देव धरला. तू बोलायचास ते निम्मं आमाला कळायचं बी नाय.’’

‘‘मंग कुनासाठी लपवलं?’’

भामी नावाची ती बाई उठून उगाच सुपातलं धान्य पाखडायला लागली. शेवटी सोमीच म्हणाली, पण आवाज उतरला होता.

‘‘तुज्यासाठी, मामा. आमी कितींदा बोललो, दवाखान्यात चल, आमी येतो संगं. तर बोलायची, येवडा नाताळ होऊ दे. मंग बोलायची, येवडा ईस्टर होऊ दे. मी भांडली तिच्याशी. तवा बोलली, सोमी, ह्या मानसाकडं दुसरं काय नाय गं. साळा नाय, जमीन नाय, पोर नाय. ती साक्ष तेवडी हाय. ती द्यायला उभा ऱ्हायला का राजावानी दिसतो. मी खोकली का त्याची साक्ष मोडंल. मंग तो उभा कुठं ऱ्हाईल?’’

मी खळ्यावर बसून राहिलो. ऊन होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिला उभी करतो.

बायांनी रडून घेतलं. ठाकरांच्या बाया रडतात तेव्हा गेलेल्या माणसाशी बोलतात. त्या इंदूशी बोलल्या. तिला रागावल्या, दवाखान्यात आली नाहीस म्हणून. माझ्याबद्दलही बोलल्या, मी तिथं बसलेला असताना. ते सगळं मी ऐकून घेतलं. मधे एक शब्द बोललो नाही, हे मला ओळखणाऱ्यांना खरं वाटणार नाही.

मग मी सोमीला विचारलं, ‘‘कसा व्हता?’’

‘‘काय?’’

‘‘तिचा खोकला. मी ऐकला नाय.’’

सोमी माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, हसेल किंवा चिडेल. तिनं पदराचा बोळा केला, तोंडावर धरला, भिंतीला टेकल्यासारखी मागं झाली आणि खोकून दाखवलं. आधी बारीक, दाबलेला. मग पोटातून, लांब, थांबता थांबत नव्हता. वाडीतलं एक कुत्रं उठून उभं राहिलं. भामीनं सूप खाली ठेवलं.

सोमीनं तोंडावरचा पदर काढला. ‘‘असा,’’ ती म्हणाली.

मी म्हणालो, ‘‘परत एकदा.’’